मृग पाहण्याआधी विश्व

‘फ्रॉम अर्थ टू द युनिव्हर्स’ हा अर्ध्या तासाचा घुमटपट भिलाईत पाहायला मिळाला, तो एका शाळेच्या सभागृहात पंख्याने हवा भरून उभ्या केलेल्या फिरत्या तारांगणात. रांगत आत शिरायचं आणि सतरंजीवर उताणं पडायचं. युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरीने २०१५ साली काढलेला, थिओफानिस मात्सोपुलोस यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट तारांगणांना विनामूल्य मिळतो. आमच्यासारख्या गावापर्यंत तो पोचला यात या उदारपणाचा मोठा वाटा आहे.

पोलाद कारखान्याच्या गावात रात्र कधी पुरती काळी होत नाही. टाउनशिपचे दिवे आणि भट्ट्यांचा तांबूस उजेड यांत आकाशगंगा हरवलेलीच असते. त्यामुळे घुमटावर ती उगवली तेव्हा शंभरेक मुलांचा कलकलाट एकदम थांबला. नेहमीच्या पडद्याला चौकट असते, बघायचं काय ते दिग्दर्शक ठरवतो. इथे ते आपली मान ठरवते. मात्सोपुलोस यांना हे नेमकं कळलेलं आहे. ते दृश्याला घाई करत नाहीत आणि प्रेक्षकाला पोटात ढवळेल असं गरगरवतही नाहीत.

ग्रीकांच्या कल्पनांपासून आजच्या दुर्बिणींपर्यंत आणि सूर्यमालेपासून दूरच्या दीर्घिकांपर्यंतचा हा प्रवास नेटका आहे. माझी तक्रार त्या प्रवासाच्या घाईबद्दल आहे. ध्वनिमुद्रित घुमटपट प्रत्येक गावात तोच असतो. म्युनिकजवळ काय आणि भिलाईत काय, आकाश तेच, वेळही तीच. ‘आज रात्री तुमच्या छपरावर काय दिसेल’ हे तो सांगूच शकत नाही.

तारांगण मुळात त्यासाठी होतं. भारतातलं पहिलं मानलं जाणारं तारांगण पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १९५४ साली सुरू झालं, मुंबईचं नेहरू तारांगण १९७७ साली. अशा ठिकाणी अंधारात निवेदक बोलायचा, दिव्याचा बाण एकेका ताऱ्यावर ठेवायचा. निवेदन रटाळ निघालं तर जांभया यायच्या, हेही खरं. पण बाण ज्या ताऱ्यावर असे, तो घरी जाऊन शोधता येत असे.

विदर्भातून इकडे आलेल्या आमच्यासारख्या घरांत आजही ‘मृग लागला’ असं जूनच्या पहिल्या आठवड्यात म्हणतात. मृग लागतो म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात येतो. म्हणून नेमक्या त्याच दिवसांत मृग आकाशात दिसत नाही. दिसतो तो थंडीत. पावसाच्या हिशेबासाठी ज्याचं नाव वर्षानुवर्षं घेतलं ते नक्षत्र डोळ्यांनी कधी पाहिलंच नाही, अशी माणसं माझ्या नात्यात पुष्कळ आहेत.

खेळ संपल्यावर तारांगणवाल्या तरुणाने दहा मिनिटं लॅपटॉपवरून त्या दिवसाचं, जानेवारीतलं आकाश घुमटावर मांडलं. ध्रुव इथे क्षितिजापासून जेमतेम एकवीस अंशांवर का, तर आपला अक्षांश तेवढाच म्हणून. तीन ताऱ्यांचा बाण, त्याच्या रोखाने खाली व्याध. निवेदन हिंदीत होतं, मधेच छत्तीसगढीत घसरत होतं. माझ्या मते सगळ्या कार्यक्रमातला हा सर्वांत जिवंत भाग होता, आणि तो जाहिरातीत नव्हता.

मग मैदानात दुर्बीण लागली. बाणाच्या खालचा तेजोमेघ पाहून एका मुलीने विचारलं, “इसका रंग कहाँ गया?” या जातीच्या चित्रपटांनी या प्रश्नाची तयारी करून द्यायला हवी. इतक्या मंद उजेडात डोळ्याच्या रंग ओळखणाऱ्या पेशी काम करत नाहीत, म्हणून तेजोमेघ राखाडी धुक्यासारखा दिसतो. छायाचित्रांतले रंग लांब वेळ उघड्या ठेवलेल्या कॅमेऱ्यातून आणि वेगवेगळ्या फिल्टरमधून येतात. काही वेळा ते नेमून दिलेले असतात: हबलच्या १९९५च्या प्रसिद्ध गरुड तेजोमेघात गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा. तेजोमेघातून उडत जाण्याची खोलीही बरीचशी संगणकाने, शास्त्रज्ञांच्या अंदाजावरून उभी केलेली असते. यात फसवणूक नाही, पण न सांगितलं तर आकाशच फिकं वाटू लागतं.

चित्रपट पुन्हा लावणार असतील तर त्या तरुणाची दहा मिनिटं आधी ठेवावीत आणि वीस करावीत. चित्रपट नंतर.