धुऊन निघालं, पण ऐकलं कोणी?

मागच्या खेपेला इथे हिवरे बाजारात आम्ही गावाच्या पंचसूत्रीवर बोललो. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान. पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडणाऱ्या गावाचं कौतुक करावं तेवढं थोडंच, आणि त्या कौतुकाच्या भरात नसबंदी हा शब्द आम्ही नुसता ओलांडून गेलो. व्याख्यान संपल्यावर एका बाईंनी हातात चिठ्ठी ठेवली. आजचं बोलणं त्या चिठ्ठीवर आहे. त्यांना विचारूनच बोलतो आहोत.

बाई या जिल्ह्यातल्या, पण या गावच्या नव्हेत. हिंदू घरातल्या. दोन मुली झाल्या, तिसऱ्या वेळी 'साफ केलं', आणि पाठोपाठ ऑपरेशन. पुढे शेजारणीबरोबर हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला जाऊ लागल्या, आणि आता उतारवयात कॅथलिक व्हायचं ठरवलं आहे. चिठ्ठीतला प्रश्न असा: फादर म्हणाले, स्नानसंस्कारानं मागचं सगळं धुऊन निघतं, तुम्हाला पापनिवेदन करावं लागणार नाही. मग मला जे बोलायचं होतं ते मी कुठे बोलू?

फादरांनी सांगितलं ते शास्त्राला धरून आहे. ज्याचा बाप्तिस्मा आधी झालेलाच नाही, त्याची आधीची सगळी पापं बाप्तिस्म्यानं क्षमा होतात, अशी कॅथलिक शिकवण आहे. गर्भपातामुळे आपोआप लागू होणारी बहिष्काराची शिक्षासुद्धा या बाईंना कधी लागलेलीच नाही, कारण ख्रिस्तसभेचा तो कायदा कॅथलिकांपुरता आहे. आता त्यांची शेजारीण घ्या. नगरला अमेरिकन मिशन १८३१ साली आलं, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या प्रॉटेस्टंट असलेली घरं या जिल्ह्यात पुष्कळ. अशा घरातली बाई कॅथलिक झाली, तर तिचा बाप्तिस्मा पुन्हा करत नाहीत. पण सभेत येण्याआधी तिला पापनिवेदन करावं लागतं. म्हणजे तेच दुःख, कदाचित तोच दवाखाना, आणि एकीला सगळं सांगावं लागणार, दुसरीला काहीच नाही.

आम्हाला आधी वाटलं, हिंदू बाई सुटली. चिठ्ठी दुसऱ्यांदा वाचली तेव्हा कळलं की तिला सुटायचंच नाहीये. क्षमा मिळणं एक आणि कोणीतरी ऐकून घेणं वेगळं. न ऐकता दिलेली क्षमा, निदान माणसाच्या बाजूनं, अर्धीच पोचते. देवाला सगळं ठाऊक असतं म्हणतात. असेलही. पण बाईंना सांगायचं आहे ते देवाला माहिती पुरवण्यासाठी नव्हे.

आता पापनिवेदन करणाऱ्या शेजारणीकडे या. तिथे वेगळी अडचण. पापनिवेदनात बोलतो तो 'मी'. मी केलं, माझं चुकलं. आमचा आक्षेप या एकवचनाला आहे. कॅथलिक नीतिशास्त्र स्वतःच सांगतं की पाप प्राणघातक ठरायला तीन गोष्टी लागतात: बाब गंभीर हवी, पूर्ण जाणीव हवी आणि मनापासून दिलेली संमती हवी. या तिसऱ्या अटीपाशी आपल्याकडचं किती टिकेल? दोन मुलींनंतर तिसऱ्या वेळी काय झालं, कशासाठी झालं, हे बाईंनी लिहिलेलं नाही आणि आम्ही विचारणार नाही. पण गर्भलिंगनिदानाविरुद्धचा १९९४ चा कायदा पाहा. त्यात स्पष्ट गृहीतक आहे की तपासणी झालेल्या स्त्रीवर नवऱ्यानं वा नातलगांनी दबाव आणला होता. तसं नव्हतं हे ज्याला म्हणायचं असेल त्यानं सिद्ध करावं. आपल्या रूक्ष कायद्याला जे दिसलं, ते पापनिवेदनाच्या खोलीतही दिसायला हवं. तिथे बाई एकटी गुडघे टेकते. सासू, नवरा, डॉक्टर बाहेरच.

आणि ऑपरेशन? शब्द पुरुषाच्या नसेचा, टाके बाईच्या पोटाला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्क्यांनी स्त्री-नसबंदीवर भिस्त ठेवलेली आढळली, पुरुष-नसबंदीवर ०.३ टक्क्यांनी. गावानं ठराव केला, तर तो कोणाच्या अंगावर उतरतो, हे यातून समजावं. दुष्काळी गावानं तोंडं मोजायची ठरवली यात आम्हाला पाप दिसत नाही, आणि हिवरे बाजारनं कोणावर सक्ती केली असंही आम्ही म्हणत नाही. पण ठरावात सगळे असतात आणि पश्चात्तापाला एकटीच, हे खटकतं.

ख्रिस्तसभेला शासनाचा हात दिसत नाही, असं मात्र नाही. अकराव्या पायसनं १९३० च्या शेवटी विवाहावरचं परिपत्र काढलं. त्यात संततिनियमनाला ठाम विरोध आहे, हे सगळ्यांना ठाऊक. पण त्याच परिपत्रात, निरपराध प्रजेच्या शरीरावर शासनाचा थेट अधिकार नाही, म्हणून सक्तीची नसबंदी अन्याय्य, असंही आहे. १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं, राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यानं ते राहिलं. त्या वर्षी टेबलावर झोपवलेला माणूस या न्यायानं पापी ठरतच नाही. पाप त्याच्याविरुद्ध झालं.

दुसरा एक पाठ आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्या जॉन पॉलनं १९९५ च्या परिपत्रात गर्भपात केलेल्या स्त्रियांना थेट उद्देशून लिहिलं. तुमच्या निर्णयामागे अनेक गोष्टी असतील, हे त्यानं मान्य केलं. आधी प्रसिद्ध झालेल्या भाषांतरांत तर असा आशय होता की तुम्ही तुमच्या बाळाचीही क्षमा मागू शकाल, ते आता देवापाशी आहे. अधिकृत लॅटिन पाठात हे वाक्य बदललं: बाळाला तुम्ही आशेनं पित्याच्या दयेवर सोपवू शकता. ईश्वरशास्त्राच्या दृष्टीनं बदल समजतो. बाप्तिस्मा न झालेल्या बाळाचं काय होतं, हे ठामपणे सांगणं त्यांना जड जातं. पण आईच्या दृष्टीनं काय गेलं बघा. जिची माफी मागायची ती व्यक्तीच वाक्यातून उठून गेली. आपल्या नगरातले जैन शेजारी संवत्सरीला सगळ्या जीवांची क्षमा मागतात, उत्तर देऊ न शकणाऱ्यांचीसुद्धा. आमच्या मते पहिला पाठ जास्त खरा होता.

थोडं स्वतःचं सांगतो, नाहीतर हे सगळं दुसऱ्याच्या पापावरचं प्रवचन होईल. १९७६ साली आम्ही नवेनवे नोकरीला लागलो होतो. 'केस' आणा, नाहीतर पगार अडेल, असं सांगण्यात आलं. आम्ही दोन माणसं नेली. एकाला मुलगा नव्हता, हे आम्हाला माहीत होतं. पगार झाला. पुढे चाळीस वर्षं आम्ही कांटचं नीतिशास्त्र शिकवलं, माणसाला साधन करू नये वगैरे, आणि त्या माणसाच्या घरी एकदाही गेलो नाही. आता जायचं तर तो राहिलेला नाही.

त्या बाई आज आलेल्या नाहीत, पण हे ऐकतील. बाई, पापनिवेदन लागत नाही म्हणून गप्प बसू नका. संस्काराआधी फादरांना वेळ मागा, साधं बोलणं म्हणून. त्या दिवशी तुमच्याबरोबर दवाखान्यात कोण कोण होतं, ते नावानिशी सांगा. त्यांच्या वाटणीचं त्यांच्याकडे जाऊ द्या. स्वतःच्या वाटणीचं किती, हे तुम्हीच ठरवा. ते आम्ही नाही सांगू शकत, फादरही नाही.

बरं, पाणी द्या जरा. मागच्या बाकावरच्या ताईंचा हात मघापासून वर आहे, माईक त्यांच्याकडे जाऊ द्या.