फुली मारलेला बाहुला

आमच्या बँकेत फुली मारली की कागद रद्द होतो. ‘कॉज’ नावाच्या अमेरिकन चित्रकाराने बाहुल्याच्या डोळ्यांवर फुल्या मारल्या आणि बाहुल्याचा भाव वाढला! बी.कॉम.च्या पुस्तकांत हे नव्हते.

हा गृहस्थ पूर्वी न्यूयॉर्कच्या बसथांब्यांवरच्या जाहिराती काढून न्यायचा आणि रंगवून पुन्हा तिथेच लावायचा. १९९९ साली जपानच्या ‘बाउंटी हंटर’बरोबर त्याने ‘कम्पॅनियन’ हा व्हिनाइलचा बाहुला काढला. नग फक्त ५००.

जर्सी सिटीतल्या माझ्या भाच्याकडे त्याचाच एक धाकटा भाऊ आहे. मी हात लावताच भाचा ओरडला, “मामा, खोकं उघडू नका, भाव पडेल!” मग त्याने मोबाइलवर फोटो दाखवला.

खरे सांगतो, बाहुला मला आवडला. मिकी माऊसची चड्डी, कवटीचे डोके आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून बसलेला. हिशेब न जुळलेला आमचा कॅशियरच! अशा दुःखी जिवाला जवळ घ्यावेसे वाटते, हेच त्या कलेचे यश. पण थांब्यावर सर्वांना फुकट दिसणारी कला आता धन्यालाही दिसत नाही.

मुदत ठेव निदान मोडता तरी येते. हे खेळणे मोडायचे, तर आधी खेळायला नको का?