मृत्यूचे समर्थन : ‘साइथ’ कादंबरीत्रयीतील पेच

नील शुस्टरमन या अमेरिकन लेखकाची ‘साइथ’ (२०१६), ‘थंडरहेड’ (२०१८) आणि ‘द टोल’ (२०१९) ही कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेली डिस्टोपियन कादंबरीत्रयी आहे. तिच्यातील समाजाने रोग आणि वार्धक्य यांवर मात केली असून ‘थंडरहेड’ ही संगणकीय बुद्धी त्याचा कारभार चोख चालविते. लोकसंख्येला आवर घालण्यासाठी माणसे मारण्याचा अधिकार तेवढा ‘साइथ’ या व्रतस्थ वर्गाकडे आहे. त्यात थंडरहेडला हस्तक्षेप करता येत नाही. सित्रा आणि रोवन या दोन किशोरांची या वर्गातील उमेदवारी हे पहिल्या कादंबरीचे कथासूत्र होय.

त्रयीचा विषय वरकरणी अमरत्व हा वाटतो. तिचे खरे आशयसूत्र मात्र निवडीचे आहे. नैसर्गिक मृत्यूला कारण असते, समर्थन लागत नाही. मृत्यू मानवी कृती झाला की ‘हाच माणूस का?’ या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. फॅरडे मर्त्ययुगातील मृत्यूंच्या आकडेवारीनुसार निवड करतो, म्हणजे निसर्गाची नक्कल करून निर्णयाचे ओझे हलके करू पाहतो. क्युरी ज्यांचे जगणे साचले आहे त्यांना निवडते आणि नकळत जीवनाचे मूल्यमापन करू लागते. प्रकरणांमधून येणाऱ्या साइथांच्या रोजनिशा पाहता समर्थनाची ही निकड कादंबरीच्या रूपबंधातच उतरली आहे असे म्हणता येते.

भाषेचेही तसेच. हत्येला येथे ‘ग्लीनिंग’ म्हणतात. ग्लीनिंग म्हणजे कापणीनंतर शेतात उरलेला सरवा वेचणे. या शब्दामुळे मारणारा हा निसर्गाने मागे ठेवलेले वेचणारा ठरतो आणि हत्या कृषिकर्मासारखी निरागस भासू लागते.

परंतु गॉडार्ड या क्रूर, हत्येत रमणाऱ्या साइथच्या आगमनानंतर ही गुंतागुंत सैल होते. प्रश्न संस्थेचा न राहता तिच्यातील दुष्ट व्यक्तीचा होतो; सहृदय साइथची हत्या तुलनेने सुसह्य वाटू लागते. लोइस लाउरी यांच्या ‘द गिव्हर’ (१९९३) मध्ये प्रेमळ पिताच अर्भकाला निर्विकारपणे मारतो आणि त्या कृत्याला ‘मुक्तता’ म्हटले जाते. तेथे दोष टाकण्यासाठी खलनायक नाही. म्हणून व्यवस्था उघडी पडते. शुस्टरमन यांनी उपस्थित केलेला प्रश्न अधिक मूलगामी आहे, पण खलपुरुषाच्या सोयीमुळे किशोर वाचकाची त्यातून लवकर सुटका होते. या त्रयीचे सामर्थ्य फॅरडे आणि क्युरी यांच्या अस्वस्थतेत आहे. गॉडार्डच्या पारिपत्यात नाही.