विल्हेवाट, विसर्ग आणि निक्षेप : अणुकचऱ्याच्या नियमांतील एका संज्ञेची चिकित्सा

किरणोत्सर्गी कचऱ्यासंबंधी आपल्या देशात १९८७ साली जे नियम झाले ते १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याखाली झाले. त्यांच्या शीर्षकात असलेल्या ‘डिस्पोझल’ या इंग्रजी शब्दासाठी मराठीत ‘विल्हेवाट’ हा शब्द रूढ झाला असून वर्तमानपत्रांपासून पाठ्यपुस्तकांपर्यंत तो निःशंकपणे योजिला जातो. प्रस्तुत टिपणात या पर्यायाची चिकित्सा करावयाची आहे. हा केवळ कोशकारांच्या हौसेचा विषय आहे, असे कोणी समजू नये. तारापूरच्या अणुवीज केंद्रातील तिसऱ्या व चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण येथील लोकांना आपली घरे सोडावी लागली. घिवलीचे मच्छीमार आजही केंद्राच्या सावलीत होड्या लोटतात. कचऱ्याचे पुढे काय होते, हे या मंडळींना ज्या शब्दात सांगितले जाते, त्या शब्दावरच त्यांचा विश्वास किंवा अविश्वास उभा राहतो.

‘विल्हेस लावणे’ म्हणजे मूळात ज्याला त्याला ज्या त्या ठिकाणी नेऊन बसविणे. ‘विल्हेवार’ म्हणजे क्रमवार, व्यवस्थेने लावलेले. हा अर्थ आता मागे पडला आहे. आज एखाद्या वस्तूची विल्हेवाट लावली, असे म्हटले की ती नाहीशी केली, तिच्यापासून सुटका करून घेतली, एवढाच बोध होतो. प्रेताची विल्हेवाट ही पोलिसी बातमीतली भाषा सर्वांच्या परिचयाची आहे. शब्दाचा जुना अर्थ नियमांच्या हेतूस जवळचा आणि नवा अर्थ त्याच्या अगदी उलट, असा हा विचित्र योग आहे.

परंतु दोष सर्वस्वी मराठीचा नाही. १९८७ च्या नियमांतील व्याख्याच दुहेरी आहे. तिचा आशय असा की, पदार्थातील किरणोत्सर्गी अणूंच्या पुढील गतीवर आपले नियंत्रण राहणार नाही अशा रीतीने तो परिसरात सोडणे म्हणजे ‘डिस्पोझल’. आणि कचरा खास भांडारात नेऊन ठेवणे याचाही समावेश त्यातच होतो. एका वाक्यात नियंत्रण सुटणे आणि नियंत्रणाखाली ठेवणे या दोन्ही क्रिया एकाच नामाखाली आल्या आहेत. व्यवहारात या क्रिया मुळीच एक नाहीत. अल्प-पातळीचे द्रवरूप पदार्थ रासायनिक साक्याने व आयन-विनिमयाने शुद्ध करून, समुद्राच्या शीतन-जलात विरळ करून, ठरवून दिलेल्या मर्यादेत अरबी समुद्रात सोडले जातात. हातमोजे, कापूस, कागद, गाळण्या यांसारखा घन कचरा दाबून, जाळून किंवा सिमेंटमध्ये बद्ध करून केंद्राच्याच आवारात दगडी किंवा काँक्रीटच्या चरांत आणि खोल नळकुंडांत ठेवला जातो. सोडलेले पाणी परत आणता येत नाही, म्हणून तेथे आधी मोजावे लागते. ठेवलेल्या पिंपावर मात्र नंतर पिढ्यान्‌पिढ्या पहारा करावा लागतो.

मौज अशी की, साध्या मराठीत हा भेद पूर्वीपासूनच आहे. किनाऱ्यावरचा माणूस ‘पाणी सोडले’ म्हणतो आणि ‘पेटी ठेवली’ म्हणतो. या दोहोंची गल्लत तो कधी करीत नाही. विद्वानांच्या संज्ञेनेच ती केली. कायद्यास नामे हवीत, हे मान्य. द्रवासाठी ‘विसर्ग’ घ्यावा. धरणातून होणाऱ्या विसर्गामुळे तो घरोघरी पोचलेला आहे. घनासाठी ‘निक्षेप’ सुचवावासा वाटतो. त्याचा धातू ‘क्षिप्’, म्हणजे फेकणे, हे खरे. तथापि मनुस्मृतीतील अठरा व्यवहारपदांत निक्षेप येतो तो विश्वासाने सोपविलेली ठेव या अर्थाने, आणि ठेव सांभाळणारा तेथे उत्तरदायी असतो. हा उत्तरदायी कोण, हाच खरा प्रश्न.

‘विल्हेवाट लावली जाते’ या कर्मणी प्रयोगात तो कर्ता नेमका गळून पडतो. मूळ नियमांची रचना तशी नाही. तेथे अनुज्ञेवाचून कोणाही व्यक्तीने हे करू नये, अनुज्ञा घेणाऱ्याने ठरलेल्या जागी व ठरलेल्या प्रमाणातच करावे आणि नोंदी ठेवाव्यात, असे कर्त्याला उद्देशून बजावले आहे. कर्ता हरविला की काय होते, याचे उदाहरण विद्यापीठातील वाचकांस दूर शोधावयास नको. दिल्ली विद्यापीठाच्या रसायन विभागातील कोबाल्ट-६० चे एक उपकरण अनेक वर्षे पडून होते. २०१० साली ते भंगारात लिलावाने गेले, मायापुरीच्या बाजारात फोडले गेले आणि एका कामगाराचा मृत्यू झाला. (अशी बंदिस्त उगमाची साधने काटेकोर अर्थाने अल्प-पातळीच्या कचऱ्यात मोडत नाहीत, शब्दाचा धडा मात्र तोच.) आपल्या कार्यालयांत अशा प्रसंगी ‘निर्लेखन’ म्हणतात. वहीतून नाव पुसले की वस्तू संपली, अशी ही समजूत. किरणोत्सर्गी उगमांचा कचरा खरोखर मार्गी लागला की नाही हे पडताळण्याची नीट व्यवस्था अणुऊर्जा नियामक मंडळाकडे नाही, असा शेरा नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१२ साली मारला होता. तोही कर्त्याविषयीच होता. त्यानंतर तेरा वर्षांनी, २०२५ च्या डिसेंबरात, संसदेने नवा कायदा संमत केला.

‘अल्प-पातळी’ या विशेषणाविषयी एवढेच सांगतो की, ते क्रियाशीलतेच्या तीव्रतेचे माप आहे, कालाचे नव्हे. सीझियम-१३७ चे अर्धायुष्य सुमारे तीस वर्षे. दहा अर्धायुष्ये गेल्यावर मूळ राशीचा हजारावा हिस्सा उरतो. यावरूनच अशा चरांवर सुमारे तीनशे वर्षांची संस्थात्मक देखरेख गृहीत धरली जाते. विद्यार्थी ‘अल्प’ वाचून हा काळही अल्प समजतात, असा माझा अध्यापनातला अनुभव आहे.

तीनशे वर्षे म्हणजे किती, हे तारापुरातच पाहावे. चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत तेथील किल्ला मराठ्यांनी घेतला तो १७३९ च्या जानेवारीत. त्या हल्ल्यात बाजी भिवराव पडले. त्याला अजून तीनशे वर्षे पुरी झालेली नाहीत. त्या मोहिमेची पत्रे मराठीत आहेत, पण लिपी मोडी आहे. आणि मराठी विभागात पदव्युत्तर अभ्यास करणाऱ्या आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांना त्यांतील एक ओळ वाचता येत नाही. कोणत्या चरात कोणते पिंप कधी ठेवले, याची नोंदवही कोणत्या भाषेत, कोणत्या लिपीत आणि कोणाच्या हवाली ठेवावयाची, याचा उल्लेख मराठीतील कोणत्याही माहितीपत्रकात प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आलेला नाही.