स्मरणदिनाचें वाङ्मय

स्मरणदिन हाहि एक वाङ्मयप्रकारच आहे, असें म्हटलें तर वाचकांस किंचित् नवल वाटेल. परंतु रणांत पडलेल्यांच्या नांवें जे राष्ट्रीय दिवस पाळले जातात त्यांची घटना पाहावी. त्यांत शब्दांची निवड आहे, ठरलेले विराम आहेत, पाठांतरानें म्हटलेलीं पद्यें आहेत आणि शिलालेखहि आहेत. ज्याच्यासाठीं हें सारें चालतें तो मात्र उत्तर देऊं शकत नाहीं. विषय निरुत्तर असला म्हणजे वक्त्याचें फावतें. म्हणून अशा दिवसाची परीक्षा केवळ भक्तिभावानें न करतां, एखाद्या काव्याची करावी तशी शब्द पारखून करणें अवश्य आहे.

या प्रकारचा सर्वांत ठळक नमुना म्हणजे इंग्लंडांतील ११ नोव्हेंबरचा दिवस. पहिलें महायुद्ध १९१८ सालीं या तारखेस सकाळीं अकरा वाजतां थांबलें. युद्धकाळांत केप टाउन शहरीं रोज दुपारीं कांहीं क्षण सर्व व्यवहार थांबवीत असत. दक्षिण आफ्रिकेंतील सर पर्सी फिट्झपॅट्रिक यांनीं तीच प्रथा सर्वत्र घ्यावी अशी सूचना केली. त्यांचा स्वतःचा मुलगा १९१७ सालीं लढाईंत पडला होता. राजा पांचवा जॉर्ज याच्या आवाहनावरून १९१९ सालीं प्रथम दोन मिनिटांची स्तब्धता पाळली गेली. या स्तब्धतेची थोरवी अशी कीं तिला स्वतःचें मत नाहीं. आईला मुलगा आठवावा, सेनापतीला पलटण आठवावी, हें युद्ध मुळांतच होऊं नये होतें असें मानणाऱ्याला आपला राग आठवावा, आणि तिघांनींहि एकाच रस्त्यावर डोकें उघडें करून उभें राहावें! एवढें सामर्थ्य त्या युद्धावरील एकाहि भाषणांत मला आढळलेलें नाहीं.

लंडनच्या सेनोटॅफची गोष्टहि मुळांत अशीच. सेनोटॅफ म्हणजे रिकामी समाधि. १९१९ च्या जुलैंतील संचलनापुरतें तें लांकूड व प्लॅस्टर यांचें उभें केलें होतें. पण लोकांनीं तेथें इतकीं फुलें वाहिलीं कीं पुढें तेंच दगडांत बांधावें लागलें आणि ११ नोव्हेंबर १९२० रोजीं त्याचें अनावरण झालें. शिल्पकार ल्यूटियन्स यानें त्यावर क्रूससुद्धां कोरला नाहीं. एवढा संयम साधल्यावर मृतांना 'कीर्तिमान' ठरविणारें एक विशेषण मात्र त्या दगडावर आलेंच. दगड गप्प आहे, विशेषण बोलतें. आणि स्तब्धतेनें ज्याचें त्याच्यावर सोंपविलेला निर्णय तें सर्वांच्या वतीनें परस्पर देऊन टाकतें.

विशेषणाची ही घाई त्या काळच्या काव्यांत अधिक स्पष्ट दिसते. लॉरेन्स बिनियनची जी कविता आज प्रत्येक समारंभांत म्हटली जाते, ती टाइम्समध्यें २१ सप्टेंबर १९१४ रोजीं छापली गेली. युद्ध सुरू होऊन तेव्हां दोन महिनेहि झाले नव्हते. म्हणजे ज्यांच्यासाठीं ती पुढें म्हटली गेली त्यांतील बहुतेक तरुण त्या दिवशीं जिवंत होते, कित्येकांनीं तर गणवेशहि चढविला नव्हता. विलापिका मात्र तयार होती. कविता सुंदर आहे याबद्दल वाद नाहीं. पण इतक्या लवकर तयार झालेलें सांत्वन वाचतांना मन थोडें दचकतें. कॅनडाचा डॉक्टर जॉन मॅक्रे यानें अफूच्या लाल फुलांवर लिहिलेली १९१५ मधील कविता याहूनहि परीक्षणीय आहे. तिचा पूर्वार्ध अत्यंत शांत आहे. शेवटीं मात्र मृतच जिवंतांना आपलें भांडण पुढें चालविण्याची आज्ञा करतात. मृतांच्या तोंडीं वाक्य घालणें हा कवीचा अधिकार खरा. पण १९१७ सालीं कॅनडांत हीच कविता युद्धकर्जाच्या प्रचारांत वापरली गेली, तेव्हां त्या अधिकाराची किंमत कळून आली. मॅक्रेला लबाड म्हणण्याचें कारण नाहीं. तो स्वतः १९१८ च्या जानेवारींत फ्रान्समध्येंच न्यूमोनियानें वारला.

याच्या उलट विल्फ्रेड ओवेन. त्यानें विशेषणालाच आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें केलें. तो ४ नोव्हेंबर १९१८ रोजीं पंचविसाव्या वर्षीं पडला. त्याच्या मृत्यूची तार आईला ११ तारखेस, गांवांत युद्धसमाप्तीच्या घंटा वाजत असतां मिळाली. पुढें १९२० सालीं त्या मातेनें रवींद्रनाथांस पत्र लिहून कळविलें कीं, शेवटचा निरोप घेतांना मुलानें त्यांचेच शब्द उच्चारले होते. ज्याला कोणत्याच राष्ट्राचें स्तोत्र पुरलें नाहीं त्याला गीतांजलि पुरली, याचा आपण अभिमान न बाळगतां नुसता विचार करावा.

दिवसाचीं नांवेंहि कशीं पालटतात पाहा. अमेरिकेनें १९५४ सालीं आपल्या 'युद्धविरामदिना'चा 'माजी सैनिकांचा दिन' केला. हेतु उदार होता. पण युद्ध थांबल्याचा दिवस गेला आणि युद्ध केलेल्यांचा दिवस आला.

विधवेला व वृद्ध मातेला त्या विशेषणाचाच आधार असतो, असें कोणी म्हणेल. असेलहि. परंतु किप्लिंगचा एकुलता मुलगा १९१५ सालीं लूसच्या लढाईंत बेपत्ता झाला. त्या बापानें अनोळखी मृतांच्या थडग्यांसाठीं जे शब्द सुचविले त्यांचा आशय, याला देव ओळखतो, एवढाच आहे. तेथें कीर्तीचें नांव नाहीं. शोक नांव मागतो, आणि नांव नसेल तर तें कोणाला तरी ठाऊक आहे एवढी ग्वाही मागतो.

नांवांच्या या कसोटीवर आमच्या लोकांचें काय झालें? ईप्र येथील मेनिन गेटवर १९२७ सालीं ५४ हजारांवर बेपत्त्यांचीं नांवें कोरलीं गेलीं. हुद्दा व जात न पाहतां सर्वांस सारखें स्मरण, हें थडगीं राखणाऱ्या साम्राज्य-आयोगाचें तत्त्व होतें. कुत-अल-अमाराच्या वेढ्यांत मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजीं तेथील फौज शरण गेली आणि कैदेंतील वाटचालींत पुष्कळांचे प्राण गेले. पण बसऱ्याच्या स्मारकावर इंग्रज शिपायांचीं नांवें आलीं, आणि हिंदी शिपायांच्या वांट्याला पलटणवार आंकडे आले. एप्रिल २०२१ मध्यें आयोगाच्याच चौकशी-समितीनें कबूल केलें कीं, मुख्यत्वें हिंदी, आफ्रिकी व ईजिप्ती अशा ४५ ते ५४ हजार मृतांचें स्मरण विषम रीतीनें झालें, आणि आणखी निदान १ लाख १६ हजारांचें नांवानिशीं, किंवा मुळींच, झालें नाहीं. दिल्लीस २०१९ सालीं उघडलेल्या राष्ट्रीय युद्धस्मारकांत स्वातंत्र्योत्तर काळांतील पंचवीस हजारांवर मृतांचीं नांवें एकेक करून कोरलीं आहेत. मला ती गोष्ट त्या प्रसंगींच्या सर्व भाषणांहून मोलाची वाटते.

महाराष्ट्रांतील कित्येक गांवीं चावडीच्या किंवा वेशीच्या भिंतींत एक लहानशी फरशी बसविलेली दिसते. या गांवाहून अमुक माणसें १९१४-१९ च्या महायुद्धास गेलीं, त्यांपैकीं अमुक कामास आलीं, एवढाच तिचा मजकूर. त्याच गांवाबाहेर वीरगळ असतो. त्यावरहि बहुधा अक्षर नसतें हें खरें. पण त्यांत एक मनुष्य आहे. खालच्या चौकटींत तो लढतो, मधल्या चौकटींत अप्सरा त्याला नेतात, वर तो शिवलिंगापुढें हात जोडून बसतो. फरशींत मनुष्य नाहीं, बेरीज आहे. आणि आमच्या पंचांगांत तर शस्त्रानें मेलेल्यांसाठीं स्वतंत्र तिथि पूर्वापार आहे. भाद्रपद वद्य चतुर्दशीस त्यांचें श्राद्ध होतें. त्या दिवशीं तोफ नाहीं, संचलन नाहीं, मृताला विशेषणहि नाहीं, परंतु नांव व गोत्र उच्चारल्यावांचून पिंड दिला जात नाहीं.

त्या फरश्यांवरील आंकड्यांमागचीं नांवें शोधणें आतां अशक्य राहिलेलें नाहीं. आयोगाची नोंदवही सर्वांस खुली आहे, आणि हिंदी शिपायांच्या पुष्कळ नोंदींत बापाचें व गांवाचें नांवहि दिलेलें असतें. फरशीच्या खालीं भिंतीला जागा बहुधा असतेच.