‘फिगमेंट’ : एका शब्दाची घडण

इंग्रजीतील ‘फिगमेंट’ हा शब्द आज निंदाव्यंजक झाला आहे. एखाद्या गोष्टीस ‘फिगमेंट’ म्हटले की ती मनाने रचलेली, म्हणूनच विश्वासास अपात्र ठरते. मराठीत त्याच्या सर्वांत निकट येणारा शब्द ‘कपोलकल्पित’ हा होय. तथापि या शब्दाचे मूळ असत्यात नाही, मातीत आहे.

लॅटिनमधील ‘फिंगेरे’ या धातूचा मूळ अर्थ हाताने आकार देणे. ‘फिगुलुस’ म्हणजे कुंभार, ‘फिगुरा’ म्हणजे आकृती आणि ‘फिग्मेंटुम’ म्हणजे घडविलेली वस्तू. बायबलच्या लॅटिन भाषांतरात, रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या नवव्या अध्यायात, निर्मात्यासमोर उभ्या असलेल्या मनुष्याला हाच शब्द लावला आहे. आणि लगेच कुंभाराचा व मातीचा दृष्टांत येतो. तेथे ‘फिग्मेंटुम’ म्हणजे भास नव्हे, हाडामांसाचा माणूस. भाषाशास्त्रज्ञ या धातूचे नाते संस्कृत ‘दिह्’ (लिंपणे) या धातूशी जोडतात. ‘देह’ हा शब्दही त्याच धातूचा. ज्याला देह नाही असे आज ‘फिगमेंट’ सुचविते, तो शब्द ‘देहा’चाच दूरचा भाऊबंद निघावा, हे लक्षणीय आहे.

हाताने घडविणे, मनाने घडविणे आणि खोटे रचणे ही अर्थाची उतरण लॅटिनमध्येच सुरू झाली होती. १५व्या शतकाच्या सुमारास शब्द इंग्रजीत आला तो मुख्यतः शेवटचा अर्थ घेऊन. ‘फिक्शन’ हा त्याचा सख्खा सोबती. त्यालाही या संशयाची झळ लागली. १५९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या काव्यसमर्थनात फिलिप सिडनीने कवीची बाजू मांडली : कवी कशाचेच सत्य म्हणून प्रतिपादन करीत नाही, म्हणून तो खोटारडाही नव्हे. युक्तिवाद सुरेख आहे. पण तो आरोपीच्या पिंजऱ्यातून केलेला आहे.

संस्कृतात ‘कल्पना’ याही शब्दाला दुहेरी जीवन आहे. दिङ्नागाने प्रत्यक्षाला कल्पनारहित ज्ञान म्हटले. प्रमाणशास्त्रात ती अडसर ठरली. परंतु ‘क्लृप्’ धातूत रचणे, जुळविणे, समर्थ होणे हे अर्थ आहेत. हत्तीला साज चढवून सिद्ध करण्यासही अमरकोश ‘कल्पना’ म्हणतो. ज्ञात वृत्तावर आधारलेली ती आख्यायिका आणि कल्पनेने रचलेली ती कथा, असा भेद तोच कोश करतो; त्यात कथेला कमीपणा नाही. ‘ध्वन्यालोका’त तर कवीला प्रजापतीचे पद मिळाले आहे.

मराठी समीक्षेत मात्र ‘काल्पनिक’ हे विशेषण अनेकदा दोषदर्शक म्हणून येते. वास्तवाशी न जुळणारे ते त्याज्य, असा निकाल त्यात गृहीत असतो. वस्तुतः मराठीपाशी याहून नेमका शब्द आहे. ‘घडणे’ या एकाच क्रियापदाने प्रसंगही घडतो आणि मडकेही घडते. रचनेच्या रूपाला समीक्षक ‘घाट’ म्हणतात तेही कुंभाराच्या भाषेतच. कलाकृतीपुढे ‘हे खरोखर घडले काय?’ हा प्रश्न इतिहासकाराचा. ‘हे नीट घडले आहे काय?’ हा समीक्षकाचा. पहिल्याचे उत्तर नकारार्थी आले, म्हणून दुसरा विचारण्याचे कर्तव्य संपत नाही.