संपत्तीचे दान आणि भानाचा लोप : ‘नटसम्राट’ व ‘अस्तु’ यांचे विधिविषयक वाचन

बीजशब्द : मृत्युपत्र, बक्षीसपत्र, वार्धक्य, मानसिक क्षमता, पालकत्व, मराठी नाटक, मराठी चित्रपट

प्रस्तावना

वृद्धांची उपेक्षा हा मराठी नाटक व चित्रपट यांतील एक महत्त्वाचा आशय आहे. वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ हे नाटक 1970 मध्ये रंगभूमीवर आले. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा चित्रपट 2013 चा. या दोन्ही कलाकृतींची समीक्षा प्रामुख्याने भावनिक व कौटुंबिक अंगाने झालेली आहे. कृतघ्न मुले, पिढ्यांमधील अंतर, विस्मृतीने ग्रासलेल्या पित्याविषयीची करुणा ही त्या समीक्षेची परिचित सूत्रे होत. परंतु पहिल्या कलाकृतीच्या मुळाशी संपत्तीचे हस्तांतरण ही कायदेशीर कृती आहे. तर दुसरीच्या मुळाशी अशी कोणतीही कृती करण्याची क्षमताच लोप पावणे ही अवस्था आहे. या अंगाने दोन्ही कलाकृतींचे वाचन करणे आणि त्यातून त्यांच्या सामर्थ्याचा व मर्यादेचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

‘नटसम्राट’ : दानाची शोकांतिका

गणपतराव ऊर्फ अप्पासाहेब बेलवलकर हा निवृत्त नट आपली संपत्ती हयातीतच मुलगा व मुलगी यांच्यात वाटून टाकतो. पुढे दोन्ही घरांत त्याची आणि पत्नी कावेरीची मानहानी होते. या कथानकाचे नाते शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’शी आहे, हे समीक्षेने वारंवार नोंदविले आहे. मात्र त्या दोहोंतील एक भेद फारसा लक्षात घेतला जात नाही. लिअर राज्य वाटतो, तेव्हा शंभर सरदारांचा परिवार आणि दोन्ही मुलींकडे आळीपाळीने राहण्याचा हक्क स्वतःकडे राखून ठेवतो. म्हणजे तो अट घालतो. ती पाळली जावी यासाठी लागणारी सत्ता मात्र त्याच्या हाती उरत नाही. बेलवलकर तर अटही घालत नाही. लिअरची शोकांतिका मोडलेल्या अटीची आहे, तर बेलवलकरांची न घातलेल्या अटीची. शिरवाडकरांनी केलेले हे रूपांतर केवळ राजाचा नट करण्यापुरते नाही. राज्याच्या जागी मध्यमवर्गीय मिळकत आणि कराराच्या जागी निखळ विश्वास आणून त्यांनी ही शोकांतिका मराठी घरात रुजविली.

विधिदृष्ट्या मृत्युपत्र आणि बक्षीसपत्र यांत मूलभूत अंतर आहे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 च्या कलम 62 नुसार मृत्युपत्र करणारा, सक्षम असेपर्यंत, ते केव्हाही रद्द करू शकतो किंवा बदलू शकतो. मृत्युपत्राचा अंमल मृत्यूनंतरच सुरू होतो. याउलट मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 126 मुळे पूर्ण झालेले दान, काही मोजके अपवाद वगळता, मागे घेता येत नाही. हयातीतील उपभोगाचा हक्क राखून दान करण्याचा तिसरा मार्गही उपलब्ध असतो. ताट आणि पाट यांतील भेद लोकव्यवहाराने फार पूर्वीच ओळखलेला आहे. बेलवलकरांनी ताटाबरोबर पाटही देऊन टाकला. त्यांनी मृत्युपत्र केले असते, तर कदाचित हे नाटक घडलेच नसते. कारण मृत्युपत्रात दात्याचे अस्तित्व संपल्यावर मालकी बदलते. मालकी गेल्यावरही दाता जिवंत राहतो, या विसंगतीतच ‘नटसम्राट’चे नाट्य आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. बेलवलकर कायद्याचा आधार का घेत नाहीत? हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, 1956 च्या कलम 20 नुसार स्वतःचा निर्वाह करण्यास असमर्थ असलेल्या वृद्ध माता-पित्यांचे पोषण करण्याचे दायित्व मुलगा व मुलगी या दोघांवरही आहे. म्हणजे 1970 मध्येही हक्क अगदीच अनुपलब्ध नव्हता. परंतु पोटच्या मुलांकडे पोटगी मागणे हे ज्याच्या आत्मप्रतिमेत बसत नाही, अशा माणसाची ही कथा आहे. रंगभूमीवर राजांच्या भूमिका केलेला नट दावेदार होऊ शकत नाही. हा हक्क न वापरला जाणे हा नाटकातील दोष नसून व्यक्तिरेखेचा भाग ठरतो.

‘माता-पिता व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियम’ हा कायदा 2007 मध्ये झाला. त्याच्या कलम 23 नुसार, हस्तांतरण स्वीकारणाऱ्याने मूलभूत गरजा पुरवाव्यात या अटीवर ज्येष्ठ नागरिकाने मालमत्ता दिली असेल आणि ती अट मोडली गेली असेल, तर ते हस्तांतरण रद्दबातल ठरविण्याचा अधिकार न्यायाधिकरणास आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सुदेश छिकारा प्रकरणात अशी अट सिद्ध होणे आवश्यक मानले. तर जानेवारी 2025 मध्ये ऊर्मिला दीक्षित प्रकरणात या कलमाचा अर्थ कायद्याच्या कल्याणकारी हेतूस अनुसरून उदारपणे लावला. तरीही बेलवलकरांची स्थिती बिकटच राहते. एक तर हे कलम अधिनियम अंमलात आल्यानंतरच्या हस्तांतरणांना लागू आहे. आणि दुसरे, त्यांनी अट अशी घातलेलीच नाही. शिवाय कायदा घर परत देऊ शकतो, घरातील स्थान परत देऊ शकत नाही. अर्ध्या शतकानंतरही हे नाटक कालबाह्य वाटत नाही, त्याचे एक कारण या मर्यादेत आहे.

मात्र या नाटकाच्या लोकप्रिय ग्रहणात एक उणीव राहिली. प्रेक्षकाने मुलांना अपराधी ठरविले आणि पित्याच्या निर्णयाकडे डोळेझाक केली. नाटककाराने बेलवलकरांना केवळ बळी म्हणून रंगविलेले नाही. त्यांच्या औदार्यात टाळ्यांची सवय असलेल्या नटाचा आविर्भावही आहे. सर्वस्वदान हाही त्यांच्या दृष्टीने एक प्रवेशच आहे. विधिविषयक वाचनामुळे पात्राचे हे कर्तेपण त्याला परत मिळते.

‘अस्तु’ : निर्णयक्षमतेचा लोप

बेलवलकर दान करतात, तेव्हा त्यांना पूर्ण भान असते. ‘अस्तु’मधील चक्रपाणी शास्त्री या संस्कृत पंडिताचे भानच अल्झायमरमुळे ओसरत चालले आहे. मुलगी दुकानात गेलेली असताना ते मोटारीतून उतरून एका हत्तीच्या मागे चालू लागतात आणि माहुताच्या कुटुंबात पोहोचतात. तेथे चन्नम्मा त्यांना मुलासारखे सांभाळते. या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चन्नम्माजवळ शास्त्रींचे नाव, पद वा मिळकत यांपैकी कशाचीही माहिती नाही. म्हणून तिची सेवा निरपेक्ष ठरते. ‘नटसम्राट’मध्ये रक्ताचे नाते संपत्तीमुळे डागाळते, ‘अस्तु’मध्ये संपत्तीचा संदर्भ गळून पडताच परके नाते उजळते.

परंतु चित्रपटाचे लक्ष स्मृती, ज्ञान आणि सेवा यांवर केंद्रित असल्याने विस्मृतीचा व्यावहारिक पैलू त्याच्या कक्षेबाहेर राहतो. अशा घरात बँकेच्या कागदावर सही कोणी करावी, हा प्रश्न दररोजचा असतो. 1925 च्या अधिनियमाचे कलम 59 मृत्युपत्र करणाऱ्याकडून सुदृढ मनाची अपेक्षा करते. एरवी मन स्थिर नसलेली व्यक्तीही भान असलेल्या काळात मृत्युपत्र करू शकते. मात्र आजारामुळे आपण काय करीत आहोत हे कळत नसेल, तर करू शकत नाही. मृत्युपत्राभोवती संशयास्पद परिस्थिती असल्यास तिचे निरसन करण्याचा भार ते सादर करणाऱ्यावर असतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1958 मध्ये वेंकटाचल अय्यंगार प्रकरणात मांडले. म्हणजे विलंबाची किंमत वारसांना मोजावी लागते.

मुखत्यारपत्राचा आधारही येथे तुटतो. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 201 नुसार मुखत्यार नेमणाऱ्याचे मन अस्थिर झाले की मुखत्यारी संपुष्टात येते. ज्या क्षणी तिची सर्वाधिक गरज असते, त्याच क्षणी ती निरुपयोगी होते. क्षमता गेल्यानंतरही टिकणाऱ्या मुखत्यारीची तरतूद इंग्लंडमध्ये 2005 च्या कायद्याने आहे. भारतात तशी सर्वसाधारण तरतूद नाही. मानसिक आरोग्य अधिनियम, 1987 मध्ये मनोरुग्णाच्या मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमण्याची पद्धत होती. त्याची जागा घेणाऱ्या 2017 च्या अधिनियमाने उपचारांविषयीचे पूर्वनिर्देश आणि नामनिर्देशित प्रतिनिधी यांना मान्यता दिली. मालमत्तेचा प्रश्न मात्र अनुत्तरित ठेवला. परिणामी अनेक कुटुंबांना पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. जेथे कायद्यातच पोकळी आहे, तेथे ‘अस्तु’ने व्यवहाराविषयी बाळगलेले मौन अधिक जाणवते. हे मौन चित्रपटाच्या काव्यात्मतेस पोषक आहे, पण इरासारख्या मुलीच्या दमणुकीचे एक मोठे कारण त्यामुळे पडद्यावर येत नाही.

निष्कर्ष

1. ‘नटसम्राट’ ही केवळ कृतघ्नतेची कथा नसून विनाअट व अपरिवर्तनीय दानाची शोकांतिका आहे. लिअरशी असलेला तिचा भेद याच ठिकाणी स्पष्ट होतो.

2. ‘अस्तु’ मानवी नात्याला मालमत्तेपासून मुक्त करून पाहते. त्यामुळे तिला उंची लाभते, परंतु सांभाळ करणाऱ्याच्या व्यावहारिक कोंडीचे चित्रण अपुरे राहते.

3. दोन्ही कलाकृती एकत्र वाचल्यास वार्धक्यातील नियोजनाची कालमर्यादा दिसते : फार लवकर सर्व देऊन टाकणे आणि फार उशिरापर्यंत काहीच न ठरविणे, ही एकाच संकोचाची दोन रूपे आहेत.

हा संकोच भाषेतही आहे. ‘मृत्युपत्र’ या शब्दात मृत्यू आधी येतो. म्हणून ते लिहिणे अशुभ आणि मुलांना ते लिहावयास सांगणे लोभाचे लक्षण मानले जाते. ‘इच्छापत्र’ हा पर्यायी शब्द माणसाच्या इच्छेला अग्रस्थान देतो. बेलवलकरांनी आपली इच्छा एका आवेगात संपवून टाकली. शास्त्रींची इच्छा आजाराने हिरावली. भान शाबूत असताना लिहिलेली आणि हयातीत बदलता येणारी इच्छा हा या दोन टोकांमधील मार्ग आहे. मराठी साहित्याने व चित्रपटाने त्याचे चित्रण अद्याप पुरेशा गांभीर्याने केलेले नाही.